शेरिंगला मी एकदाच विचारलं

१९८५चा नोव्हेंबर, शिकागो, थँक्सगिव्हिंगची सुट्टी... बुधवारी दुपारी हॉस्टेलच्या कॅफेटेरियाला कुलूप लागलं, ते थेट सोमवारी उघडणार होतं. अमेरिकन मुलं घरी गेली. आमच्या मजल्यावर उरलो मी आणि शेरिंग.

शेरिंग भूतानचा. सहा महिन्यांच्या कसल्याशा ट्रेनिंगला आला होता, येऊन जेमतेम दहा दिवस झालेले. त्याला आडनाव नव्हतं, त्यांच्याकडे बहुतेकांना नसतं... म्हणून ऑफिसनं फॉर्मवर एकच नाव दोनदा लिहून टाकलं होतं. शेरिंग शेरिंग. कालिंपाँगच्या शाळेत शिकल्यामुळे हिंदी मात्र माझ्यापेक्षा बरी बोलायचा.

मला तोवर अमेरिकेत दोन वर्षं झाली होती आणि मी पुरता शहाणा झालो होतो. पहिल्याच महिन्यात प्रोफेसरांच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा 'आणखी वाढू का' असं विचारल्यावर सवयीनं 'नको नको' म्हणालो... आणि बाईंनी भांडं खरंच आत नेऊन ठेवलं. त्या दिवशी अर्धपोटी परतताना ठरवलं की इथे एकदाच विचारायचं आणि एकदाच सांगायचं. आपल्याकडचा आग्रह म्हणजे निव्वळ छळ, असं मी नव्यानं आलेल्या मुलांना ऐकवायचोसुद्धा.

तर बुधवारी संध्याकाळी तळघरातल्या किचनमध्ये मी खिचडी टाकली. शेरिंग येऊन बसला. "खाओगे?" मी विचारलं. त्यानं तळहात तोंडावर धरला आणि मान हलवली. "नहीं नहीं, आप खाइए."

मी खाल्ली.

गुरुवारी पिठलं-भात, शुक्रवारी अंड्याचं कालवण. दर वेळी मी एकदा विचारलं, त्यानं तोंडावर हात धरला आणि मी जेवलो. तो समोर बसून गप्पा मारायचा. मनात म्हटलं, माणूस तसा कमी जेवणारा दिसतोय...

गप्पा मात्र छान होत्या. त्याच्या लहानपणी गावाकडे रस्ताच नव्हता. वडील पाठीवर सुक्या मिरच्या लादून भारताच्या हद्दीपर्यंत सहा दिवस चालत जायचे आणि येताना मीठ आणायचे. देशात टीव्ही अजूनही नव्हता. मिरची त्यांच्याकडे मसाल्यात नाही, भाजी म्हणून खातात, चीज घालून. हे सगळं आपल्या शेजारी चाललेलं, आणि मला ते शिकागोच्या तळघरात कळत होतं.

मग एकदाचा रस्ता झाला. गावात पहिली जीप आली तेव्हा त्याच्या आजीनं तिच्यापुढे गवताचा भारा आणून टाकला. एवढा चढ चढून आलीय, भुकेली असेल बिचारी, म्हणून. मी पोट धरून हसलो... तोंडात पिठल्याचा घास होता.

शनिवारी मला मालतीकाकूंनी जेवायला बोलावलं होतं. त्या आणि काका डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत राहायचे. माझ्यासारखी घर सोडून आलेली बरीच मंडळी त्यांच्या जिवावर तगली. शेरिंगला म्हटलं, चल, तिकडची आपली दुकानं बघ. त्यानं लगेच बूट घातले.

काकूंनी ताटं मांडली आणि शेरिंगचा हात तोंडावर गेला. मी म्हणालो, "तो नको म्हणतोय काकू. फोर्स नका करू."

काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. "अरे, ओठ बघ त्याचे किती सुकलेत," म्हणाल्या आणि त्याच्या ताटात दोन पोळ्या टाकल्या. "खाओ बेटा." हात तोंडावरच. "थोडा तो खाओ." हात तिथेच. "अब हात हटाओ और खाओ."

हात खाली आला.

सात पोळ्या खाल्ल्या त्यानं. दोन वाट्या मटकीची उसळ, आणि ठेचा तर भाजीसारखा. काका वर्तमानपत्र खाली ठेवून बघत राहिले.

परतीच्या बसमध्ये मी चेष्टेनं विचारलं, "भूखा था क्या?" शेरिंग ओशाळला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बुधवार दुपारपासून तो कॅफेटेरियातून खिशात टाकलेल्या बिस्किटांच्या पुड्यांवर आणि नळाच्या पाण्यावर होता.

त्यांच्याकडे पहिल्या विचारण्याला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा. तोंडावर हात धरून नाही म्हणायचं, यजमानानं पुन्हा विचारायचं, पुन्हा नाही... मग कधीतरी घ्यायचं. जवळ दुकान कुठे आहे, हेही तो मला विचारू शकत नव्हता. विचारलं असतं तर मला वाटलं असतं की तो जेवण मागतोय.

मला आधी रागच आला. "अरे, बताना था ना यार."

"आपने दोबारा पूछा ही नहीं," तो म्हणाला.

आवाजात तक्रार नव्हती. माझे तांदूळ संपत आले असतील, म्हणून मी जास्त विचारत नसेन, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली होती. उलट माझीच काळजी करत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ज्या माणसाच्या आजीनं जीपलासुद्धा उपाशी ठेवलं नव्हतं, त्याच्यासमोर मी तीन दिवस पोटभर जेवलो होतो.

संध्याकाळी मी भात टाकला. तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा हात खाली आला आणि आम्ही दोघंही हसलो.

आता मी टेक्सासमधल्या फ्रिस्कोला मुलीकडे असतो. तिचे मित्र घरी आले की मी ताट घेऊन मागे लागतो. ती वैतागते, "बाबा, ही सेड नो." तिच्या जागी तिचं बरोबर आहे, मी वाद घालत नाही... पण तिसऱ्यांदा विचारतोच. एवढं शिकायला मला चार दिवस लागले होते, आणि त्यासाठी उपाशी मात्र शेरिंग राहिला.