दमाची बिअर

मी पोटापाण्यासाठी दारू निवडते. पिंपळे सौदागरमध्ये स्वतःची बिअर बनवणारं एक ठिकाण आहे. तिथं कुठल्या सामन्याला नळाला कुठली बिअर लावायची आणि कुठली कॉकटेलं ठेवायची, ते मी ठरवते. पगाराच्या कागदावर मला 'बेव्हरेज मॅनेजर' म्हणतात. दिघीला आमच्या घरी मात्र अप्पा, म्हणजे माझे वडील, कुणी विचारलं की 'पोरगी हॉटेलात म्यानेजर हाय' एवढंच सांगायचे आणि 'बेव्हरेज' तेवढा गिळून टाकायचे. मला त्याचा राग यायचा आणि तो मी लपवायचेही नाही. आई म्हणायची, "म्यानेजर म्हनत्यात, ते काय कमी हाय का?" मला कमीच वाटायचं. बापानं आपलं काम चारचौघांत पुरतं सांगावं, लाजून अर्धं नव्हे, एवढीच माझी हाव होती.

अप्पांचा विरोध देवाधर्माचा नव्हता. ते कबड्डीवाले. त्यांच्या तरुणपणी इथल्या कंपन्या आपापले संघ बाळगायच्या आणि चढाईला चांगला गडी दिसला की त्याला कामावर घ्यायच्या. अप्पा एका कंपनीच्या प्रेस शॉपला, पत्रे दाबायच्या कामाला, लागले ते शिक्षणावर नाही, मांडीवर थाप मारण्याच्या जोरावर. त्यांचे सोबती जिंकले की प्यायचे, हरले की जास्त प्यायचे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा दम तिशीच्या आतच गेला. "आमची पोरं मैदानात न्हाई, बाटलीत बाद झाली," हे मी लहानपणापासून ऐकत आले. त्यामुळे माझ्या नोकरीवर त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "खेळ बघायला दारू कशाला लागती?" मी म्हणायचे, "अप्पा, लग्नाला जेवण कशाला लागतं?" त्यावर ते म्हणायचे, "जेवून नवरदेव आडवा पडत न्हाई."

बोलण्यात त्यांना कोण हरवणार! मी बॅग उचलून कामावर निघून यायचे.

आणि कामावर मी सुखी होते, हे कबूल केलंच पाहिजे. सकाळी धान्य शिजायला लागलं की आख्ख्या जागेला लापशीसारखा वास सुटतो. उरलेला चोथा टेम्पोनं म्हशींच्या गोठ्यावर जातो. आमचे मालक पूर्वी चाकणच्या एका कंपनीत गिअरबॉक्स बघायचे. अजूनही बिअरच्या टाकीला कान लावून उभे राहतात, जणू आत गिअरचा दात झिजलाय. कॉकटेलांच्या बाबतीत मात्र त्यांनी मला मोकळीक दिली होती. मला बाहेरून येणाऱ्या रंगीत सरबतांचा कंटाळा होता. आपल्या आसपास पिकतं ते ग्लासात उतरावं असं वाटायचं. मावळातली करवंदं आणली, जांभळं आणली, कैरी उकडून पन्ह्याचा गर केला, कोकणातून कोकमाचं आगळ मागवलं.

यातलं कुठलं कुठल्या खेळाला, हे चुका करत शिकले. क्रिकेटचा प्रेक्षक षटकांच्या मधे पितो आणि गडी बाद झाला की सगळ्या टेबलाची एकदम ऑर्डर देतो. तिथं करवंद आणि जिनसारखं आंबट, थंड, पटकन भरता येणारं काहीतरी हवं. फुटबॉलवाले आयटीतले, ते ग्लास हातात धरून उभ्यानं ओरडतात. त्यांना काहीही चालतं. कबड्डी मात्र मला सोपी वाटली होती. बापाच्या खेळातलं मला कळणार नाही तर कुणाला? पहिल्याच सामन्याला मी उंच, नाजूक ग्लासांत जांभळाचं कॉकटेल दिलं. पकड जमली, सगळ्या टेबलानं एकाच वेळी मांडीवर थाप मारली, ग्लास उडाले आणि भोसरीच्या एका पाहुण्याचा कडक इस्त्रीचा पांढरा सदरा जांभळा झाला. जांभळाचा डाग जात नाही. त्यांनी तो मनाला लावून घेतला नाही, पण सदऱ्याला लागला तो लागलाच. कबड्डी बघणाऱ्याचे हात रिकामे लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी मी जाड बुडाचे, बुटके ग्लास मागवले.

ग्लासांपेक्षा मोठी चूक मात्र शब्दाची झाली. कबड्डीला येणारी मंडळी चाकण, भोसरी, काळेवाडीची. बरेच जण पहिली शिफ्ट करून थेट आलेले. ते बसायच्या आधीच 'कडक द्या' म्हणायचे. सगळ्यात स्ट्राँग बिअर घटाघटा प्यायची आणि मध्यंतरापर्यंत खलास. उत्तरार्धात, जिथं खरा सामना असतो, तिथं कुणी पेंगतंय, कुणी शेजाऱ्याशी जमिनीच्या भावावरून भांडतंय. मला ते बघवत नव्हतं. मालकांना सांगून आम्ही इंद्रायणी तांदूळ घालून एक बिअर केली. स्वच्छ, वासाला गरम भातासारखी, आणि चढायला अगदी बेताची. सावकाश प्यायली तर शेवटच्या चढाईपर्यंत माणूस जागा राहील अशी. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'कबड्डी स्पेशल – हलकी बिअर'.

एकानंही मागवली नाही.

शेवटी मिशीवाल्या एका काकांनी मला बोलावून फळ्याकडे बोट दाखवलं. "ताई, आमी कबड्डीवालं म्हनून आमाला हलकी व्हय? आन् त्या क्रिकेटवाल्यांना भारी?" सगळं टेबल हसलं, पण काका खरंच दुखावले होते. मी माझ्याच कपाळावर हात मारला. मराठी माझी मातृभाषा, आणि मला हे सुचू नये? हलका माल, हलक्या प्रतीचं कापड, हलकं काम. आपल्याकडे हलकं म्हणजे कमी वजनाचं नंतर, आधी कमी दर्जाचं.

घरी आल्यावर ही गोष्ट मी आईला सांगत होते. अप्पा पलीकडे टीव्हीसमोर होते. माझ्या कामाचं बोलणं निघालं की ते आवाज वाढवायचे. त्या दिवशी त्यांनी तो कमी केला आणि मिशीवाल्या काकांचं वाक्य ऐकून खदखदून हसले. "बरूबर बोलला गडी!" मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता म्हणाले, "कबड्डीत हलकं-भारी नसतं गं. दम लागतो. ज्याचा दम टिकला, तो घरी परत येतो." आणि पुन्हा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी मी फळा पुसला आणि लिहिलं: 'दमाची बिअर – इंद्रायणी तांदूळ'. पुढच्या सामन्याला मिशीवाले काका आले, वाचलं, छाती जरा पुढे काढली आणि म्हणाले, "एक दमाची आना." बघता बघता सगळ्या टेबलांवर तीच. तीच बिअर, तोच तांदूळ, फक्त नाव सरळ झालं होतं.

हे आईनं अप्पांच्या कानावर घातलंच. नाहीतर पुढच्या रविवारी संध्याकाळी ते आमच्या हॉटेलाच्या दारात कसे उभे राहिले असते? धुतलेला पांढरा शर्ट, पायात ठेवणीतल्या चपला. आता हे सगळ्यांसमोर काय बोलणार या धास्तीनं मी नळ उघडा ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले आणि बिअर हातावर सांडली. त्यांनी फळा वाचला. "ह्यो शब्द माझा हाय," म्हणाले.

"हो. बसा ना."

भिंतीकडेची खुर्ची धरून ते अंग चोरून बसले. मी त्यांना कोकम, आलं आणि काळं मीठ घालून सोडा दिला. "ह्यात कायबी न्हाई ना?" "तुमची शपथ." तरी त्यांनी वास घेऊन बघितला. लेकीच्या शपथेवर विश्वास, पण नाकावर जरा जास्त.

सामना सुरू झाला. पुढच्या टेबलावरचे पोरगेलेसे कामगार 'बोनस, बोनस' म्हणून ओरडले आणि अप्पांना राहवेना. "बोनस कसला? मागचा पाय उचललाच न्हाई त्यानं!" पडद्यावर पुन्हा दाखवलं, पाय जमिनीवरच होता. त्या पोरांनी खुर्च्याच अप्पांकडे वळवल्या. मग मध्यंतरापर्यंत अप्पा बोलत होते आणि ते ऐकत होते. अधूनमधून अप्पांची नजर त्यांच्या ग्लासांवर जायची. त्यांना काय मोजायचं होतं ते मला कळत होतं. उत्तरार्धात लोण चढला, एक अख्खा संघ बाद झाला, सगळे उठून उभे राहिले, एकही जण डुलला नाही. ग्लासांत अजून बिअर होती. अप्पांनी ते बघितलं, नीट बघितलं.

सामना संपता संपता त्यातल्या एकानं विचारलं, "काका, तुमी तर सोडाच पिताय. मग हितं कसं?"

"लेक हाय माझी हितं."

"म्यानेजर का?"

मी जवळच ग्लास पुसत होते. पुढचं मला पाठ होतं, म्हणून मी वर बघितलंच नाही.

"बेवरेज म्यानेजर," अप्पा म्हणाले. शब्द जिभेवर नीट बसत नव्हता, तरी त्यांनी तो लोटला. त्या पोराच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा आवाज चढवून त्यांनी खुलासा केला, "म्हंजी दारू ठरवती. कंच्या खेळाला कंची, ते तिला इचारायचं."

मी आत कोठीत गेले आणि तांदळाच्या पोत्यांवर बसून रडले. मालक काय झालं म्हणून धावत आले. मी म्हटलं, कांदा चिरत होते. आमच्याकडे कांदा कोठीत चिरत नाहीत, हे त्यांनाही माहीत होतं, पण भला माणूस, निघून गेला.

दोन दिवसांनी मी कामावर असताना अप्पांचा फोन आला. आवाज मुद्दाम रूक्ष. "फायनलला मोठं टेबल धरून ठेव. आमचा जुना संघ येनार हाय. जेवढं उरलेत तेवढं."

"ठेवते. नाव काय लिहू? तुमचंच ना?"

"माझं कशाला?" अप्पा म्हणाले. "समद्यांना तुझं नाव सांगून ठेवलंय. दारात येऊन तेच घेतील."