करी ऱ्हायनू

आधी इंदूअक्काचं नाव. बाकीचं मग. शहाद्यात आमच्या डिझाइन क्लासच्या जिन्याखाली ती ब्लाउज शिवते. ती नसती तर आज मी गुजरातेत ऊस तोडत असतो.

आता झालं ते सांगतो.

सरांनी माझी फाइल भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावली. कोरी. केळी वेफर्सचं पाकीट करायचं होतं. पंधरा दिवस झाले होते.

"काय रे, काम?"

"करी ऱ्हायनू, सर."

"ऐका! हा करी ऱ्हायना! डोंगरात घड्याळ नसतं ना. याला माउस नको, कोयता द्या."

सगळे हसले. मीपण हसलो. सगळ्यात वाईट तेच.

करी ऱ्हायनू म्हणजे करतो आहे. घरी आम्ही पावरी बोलतो. डोंगर उतरून शहाद्यात आलो, तेव्हा अहिराणीतलं पहिलं हेच शिकलो. कुणी विचारलं की हेच फेकायचं. विचारणारा पुढं जातो.

करत काहीच नव्हतो. आठवीत शाळा सुटली, आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलो. क्लासच्या पहिल्या आठवड्यात पाकिटावर 'केळी'चं 'केली' लिहिलं. ळ चुकला. मागून एकजण ओरडला, "काय केली रे? कधी केली?" तेव्हापासून फाइल उघडायची, बघत बसायची, बंद करायची. उद्या करू. तो उद्या येतच नव्हता. महिनाअखेर पाकीट दिलं नाही तर क्लासमधून नाव काढणार होते. तिकडून बापाचा फोन. मुकादम टोळीची नावं लिहितोय, तुझं लिहू का?

कोयत्याचं ऐकून त्या संध्याकाळी जिन्यावर बसलो. अक्का दुकान बंद करत होती.

"काय करी ऱ्हायना रे भाऊ?"

"करी ऱ्हायनू." तोंडातून गेलंच.

"हात तं खिसामा शेतस तुन्हा!"

हात खरंच खिशात होते. मला लाज वाटली. तिच्या मशीनवर सुईखाली एक बाही अर्धी शिवलेली होती. म्हटलं, "अक्का, बाही राहिली."

"मुद्दाम सोडस मी. नवा कामनं भ्याव वाटस. अर्धा कामनं नही वाटत. सकाळले पाय ठेवा, का मशीन चालस."

नव्या कामाची भीती वाटते, अर्ध्याची नाही. तसाच वर गेलो. केळ्याची एक रेघ काढली. अर्ध्यात सोडली. सकाळी हात आपोआप तिथंच गेला. मग रोज तेच. संध्याकाळी कामावरून उठताना काहीतरी अर्धं ठेवायचं. ळ गिरवायला वही केली होती, तिच्यातला शेवटचा ळसुद्धा.

शेवटच्या दिवशी सर आले. "काय कोयतेवाले, झालं?"

"करी ऱ्हायनू, सर."

हसणं सुरू झालं. मी फाइल उघडली. पाकीट होतं. त्यावर केळी, ळ ठसठशीत. मागची एक बाजू तेवढी बाकी होती. या वेळी मी हसलो नाही.

"उशीर मी केला, सर. मला बोला. डोंगराला नाही. कोयत्यालाही नाही. त्याच्यावर मी जेवलोय."

सरांनी वर बघितलं नाही. "संध्याकाळपर्यंत दे," म्हणाले. दिलं. नाव राहिलं. 'माझं चुकलं' असं सर काही म्हणाले नाहीत, मीही वाट बघितली नाही.

भीती गेलेली नाही. रोज सकाळी जिना चढताना ती असतेच. पण ठरवलंय. करी ऱ्हायनू म्हणेन तेव्हा हात कामावर असेल. नसेल तर तोंड बंद. आणि डोंगरावरून कुणी हिणवलं तर तोंड बंद नाही.

अक्काच्या दुकानाला पाटी नाही. लोक 'जिन्याखालची' म्हणतात. अक्का, तुझ्या नावाची पाटी मी करणार. 'इं' अर्धा काढून ठेवलाय.