बागेतला उलटा फेरा

माझ्या बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली, जास्त करून बुलडाणा ते जळगाव जामोद. मागून येऊन कुणी पुढे गेलेलं त्यांना कधीच खपलं नाही. मागच्या वर्षी लकवा मारून गेला. उजवा हात लुळा पडला, पाय घसटू लागला. डॉक्टरांनी बजावलं, रोज चालला नाहीत तर अंथरूण धराल.

आमच्या गल्लीत चालायचं म्हणजे दुचाक्या, कुत्री आणि चौकशा. म्हणून मी त्यांना नगरपालिकेच्या बागेत नेऊ लागले. कडुलिंबांच्या सावलीतून गोल वाट, मधे हिरवळ, कोपऱ्यात व्यायामाची यंत्रं. देवळाला प्रदक्षिणा घालावी तसे सगळे एकाच दिशेनं फिरतात. देव कुठंच नाही, पण नियम मोडायची कुणाची टाप नाही.

चौथ्या दिवशी बाबा बाकावर बसले ते उठेचनात.

"काऊन, पाय दुखून राह्यला काय?"

"पायाचं सोड. लुगड्यातल्या म्हाताऱ्या मले मांगं टाकून जाऊन राह्यल्या. उद्यापासून मी येत नाही."

मला हसू आलं आणि लगेच धडकी भरली. हा माणूस एकदा नाही म्हणाला की ब्रह्मदेवाच्या बापाचंही ऐकत नाही.

"बाबा, आपण उलटं फिरू," मी म्हटलं. "मग मांगून कोणी येतच नाही."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणू द्या."

लोक म्हणालेच. "काका, राँग साइडनं?" बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पण समोरून दुसरी एसटी आली की खिडकीतून उजवा हात वर करायचा, ही ड्रायव्हर लोकांची सवय त्यांच्या हाडात मुरलेली. ते समोरच्या प्रत्येकाला डावा हात करू लागले. कुणी जय भीम म्हणे, कुणी रामराम, कुणी सलाम. एका फेरीच्या चार झाल्या. माझाच दम निघू लागला.

परवा वळणावर त्याच दोन म्हाताऱ्या समोरून आल्या. बाबांनी हात केला. जेमतेम छातीपर्यंत आला, थरथरत होता, पण तो उजवा होता. म्हाताऱ्यांनी नेहमीसारखा हात केला आणि निघून गेल्या. बाबांच्याही काही लक्षात आलं नव्हतं. मला मात्र रडू फुटलं.

"काऊन थांबली वं?" बाबा ओरडले. "चाल, अजून दोन फेऱ्या बाकी हायेत."