साखरबाईंचा दहावा

निमोण्यातून विमानात नोकरीला लागलेली पहिली मुलगी म्हणजे मच्छिंद्रआबांची स्नेहल. गावाला वाटे, पोरगी ढगात मजा मारते. मजा कसली? कधी मध्यरात्री निघायचं, कधी पहाटे उतरायचं, पाय जरा लांब करावेत तर पुन्हा बोलावणं. हसू मात्र कायम चेहऱ्यावर ठेवायचं. सुट्टीला घरी आली की ती ओंडक्यासारखी पडे. एकदा भर दुपारी दचकून उठली आणि म्हणाली, "आई, आपण कुठं उतरलोय?" साखरबाई हसल्या, आणि चुलीपाशी जाऊन रडल्या.

तेव्हापासून त्यांनी लेकीच्या झोपेची राखणच धरली. खिडकीला पोतं लावायच्या, कुत्रं मळ्यात नेऊन बांधायच्या आणि उंबऱ्यात शेंगा फोडत बसायच्या. जाऊ येवो की सरपंच, दारातूनच वाटेला लावायच्या. दुपारपर्यंत लोळणाऱ्या पोरीवरून भावकीत कुजबुज झाली. ती त्यांनी कानाआड केली.

२००७ च्या उन्हाळ्यात साखरबाई अचानक गेल्या. स्नेहलला जेमतेम मातीपुरती रजा मिळाली. दहाव्याला ती रात्रीच्या विमानातून उतरून थेट घोड नदीच्या काठावर आली. संध्याकाळी पुन्हा ड्यूटी होती, आणि आता एक जरी चुकवली तर नोकरी जाईल असं वरून बजावलं होतं.

पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की असं होतं, म्हणून एकेकानं हात जोडून शब्द दिला. थोरला इंद्रजीत म्हणाला, "आई, आबांना कवा अंतर देणार न्हाई." भावकीतले पोपटराव म्हणाले, "वहिनी, पोरीचं लगीन आम्ही लावून देऊ." कावळे जागचे हलले नाहीत. ऊन चढलं. आबांना वाटलं, जिनं जन्मभर साथ दिली, तिची शेवटची वाटही आपल्याला मोकळी करता येऊ नये?

तेवढ्यात बायकांत चुळबुळ झाली. स्नेहल लिंबाला टेकून गाढ झोपली होती. आईच्या दहाव्याला! पोपटरावांची बायको तिला हलवायला वाकली.

"तिला हात लावू नका," आबा म्हणाले. मग ते पिंडापुढं गेले आणि तिथं नवराबायको दोघंच असल्यासारखं बोलले, "पोरगी झोपलीय. तिची ती उठंपर्यंत तिला कुणी उठवणार न्हाई. मी बसतो तिच्यापाशी."

एक कावळा उतरला. पिंडाला चोच लागली तसे लोक सुटल्यासारखे उठले आणि आंघोळीला पाण्यात शिरले.

दुपारी इंद्रजीत जीप घेऊन आला. "आबा, उठवा तिला. आत्ता निघालं न्हाई तर इमान चुकंल. नोकरी जाईल तिची."

आबांना ते कळत होतं. ती नोकरी तिनं किती हट्टानं मिळवली होती, हेही ठाऊक होतं. सावली सरकून लेकीच्या तोंडावर ऊन आलं होतं. ते उन्हाच्या आड येऊन बसले.

"तुझ्या आईला शब्द दिलाय," ते म्हणाले. "जीप घरी ने."