नखभर लोखंड

आसगावात वांग्याच्या वाडीसाठी माझा एक जुना, छोटा ट्रॅक्टर आहे. पोळ्याला मी तो हौसेनं, भाग सुटे करून रंगवला आणि तेव्हापासून त्याची बॅटरी चार्ज होईना. नवी घातली, तीही उतरली.

शेवटी पवनीहून एक मिस्त्री आला. त्यानं मीटर काढलाच नाही. इंजिन चालू करून मंद हेडलाइटकडे पाहिलं, मग रंगावरून हळूच बोट फिरवलं.

"पोळ्याले रंगवला ना?"

मी मान डोलावली.

त्यानं चार्जिंगचा रेग्युलेटर खोलला, त्याच्याखालचा नखभर रंग चाकूनं खरवडला आणि बोल्ट पुन्हा आवळला.

"इंजिन करंट बनवून राहिला. पण हा डब्बा लोखंडाले टेकल्याबिगर बॅटरीले काही भेटत नाही."

त्यानं रेस वाढवली आणि दिवा लख्ख झाला.

अजूनही दर पोळ्याला ट्रॅक्टर रंगवतो. तेवढ्या नखभर जागेला मात्र ब्रश लावत नाही, हात जोडतो.