गोंदण सोडून

आम्ही आंजी गावात पोचलो तेव्हा कौसाबाईंच्या तिरडीचे बांबू अंगणात येऊन पडले होते आणि त्यांचा भाऊ दारात आडवा उभा होता.

"बाई, जशा आल्या तशा परत जा," तो म्हणाला. "कातडं ढोराचं काढतेत. माणसाचं काढलेलं मी काही आयकलं नाई."

मी वर्ध्याच्या एका दवाखान्यातल्या स्किन बँकेत कोऑर्डिनेटर आहे. मूळची नर्स. असं दारातूनच हाकललं जाणं मला नवीन नाही. नेत्रदान म्हटलं की लोक हात जोडतात, त्वचादान म्हटलं की शिसारी आल्यासारखं तोंड करतात. त्यांना वाटतं आम्ही माणूस सोलतो. खरं म्हणजे कांद्याचा पापुद्रा असतो ना, तेवढा पातळ थर आम्ही मांडीवरून आणि पाठीवरून घेतो. रक्त वाहत नाही. वरून बँडेज बांधतो. ही कातडी भाजलेल्या माणसाच्या जखमेवर लावतात. ती कायमची राहत नाही, काही दिवसांनी गळून पडते. पण तोवर जखम झाकलेली राहते, पाणी आणि जंतू अडतात, माणूस तगतो.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत हे काम व्हावं लागतं. त्यातला बराच वेळ रस्त्यात आणि रडारडीत गेला होता.

बोलावलं होतं कौसाबाईंच्या सुनेनं, वैशालीनं. काही वर्षांपूर्वी गॅसच्या भडक्यात ती भाजली होती आणि आमच्याकडेच होती. छाती, दोन्ही हात. तिच्यावर अशीच कोणाची तरी कातडी लावली होती. तेव्हा कौसाबाई वॉर्डाच्या दारातून हलत नव्हत्या. मला रोज विचारायच्या, "ही कोणाची होय वो सिस्टर?" मी म्हणायची, माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगता येत नाही. एक दिवस म्हणाल्या, "मंग माही बी घेजा. मी मेल्यावर वैशू तुमाले फोन करन."

वैशूनं फोन केला होता. आता ती ओट्याच्या कोपऱ्यात उभी होती, हातांवरचे वण पदरानं झाकून. "मामाजी, आईनं माह्याकून वचन घेतलं हाय," एवढंच ती त्या भावाला परत परत म्हणत होती. तिचा नवरा सरणाची लाकडं आणायला गेलेला. सासरे किसनबाबा खांबाला टेकून बसलेले. त्यांच्या तोंडून चकार शब्द निघत नव्हता, आणि खरं सांगते, मला त्यांचाच जास्त राग आला होता. सही त्यांची लागते. त्यांनी एकदा हो म्हटलं असतं तर हा सगळा तमाशा झालाच नसता.

भाऊ रोहण्याहून आला होता. काखेत माहेरची साडी. आमच्याकडे बाईला शेवटची साडी माहेरची नेसवतात, त्यामुळे त्या दिवशी भावाच्या शब्दाला वजन असतं. तो हलेना.

मागच्या भिंतीवर किसनबाबांची खंजिरी टांगलेली होती. ते गावच्या भजनी मंडळात वाजवतात. माझी जीभ जरा पुढे धावते.

"भाऊ, त्या खंजिरीले कातडं शेळीचंच असन ना? त्याच्यावर देवाचं नाव घेता. अन् माणसाच्या कातडीनं माणूस वाचला तर इटाळ होते काय?"

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "शेळीले कोणी गोंदत नाई, बाई."

मग मला कळलं की अडलंय कुठे.

कौसाबाईंच्या कपाळावर, दोन्ही हातांवर आणि पोटऱ्यांवर गोंदण होतं. ते त्यांच्या आईनं लहानपणीच गोंदवून घेतलेलं. "सोनंनाणं इथंच उतरवून घेतेत," भाऊ म्हणाला. "गोंदण तेवढं संग जाते. ज्या बाईले गोंदण नाई तिले वरते देवाघरी लोखंडी सबलीनं गोंदतेत, असं आमची माय सांगे. ते तुमी खरडून नेलं तर माही बहीण तिथं काय दाखवन?"

यावर मी हसले नाही. माझ्या आजीच्या हातावरही विंचू होता.

तेवढ्यात फोन वाजला. आमचे इन्चार्ज.

"झालं का सुरू?"

"नाही सर. घरात वाद आहे."

"वाद असेल तर निघा तिथून. उद्या पेपरात नाव येईल."

"सर, दहा मिनिटं द्या."

"अहो, नातेवाईक नाही म्हणतात ना?"

"एकच म्हणतोय. आणि त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे." एवढं बोलून मी फोन पर्समध्ये टाकला. वैशालीला परत काय तोंड दाखवणार होते मी?

मी भावासमोर ओट्यावरच बसकण मारली. सांगितलं, आम्ही कपाळ, हात, पोटऱ्या यांना शिवत नाही. फक्त मांड्या आणि पाठ. "गोंदणाच्या एका टिपक्यालेही हात लागणार नाई. माहा शब्द."

"शब्द?"

"शब्द."

त्यानं साडी दुसऱ्या काखेत घेतली आणि दारातून बाजूला झाला. मी कन्सेंटचा कागद किसनबाबांपुढे धरला. त्यांनी पेन घेतला आणि तसाच हातात ठेवला.

"बाई, गोंदणाले हात लावणार नाई म्हनलं ना तुमी?"

"हो बाबा."

"मंग डाव्या मांडीले नाई लावता येत."

भाऊ वळला. "मांडीले काय हाय? मायनं तर हातापायालेच गोंदवलं होतं."

"तुमच्या मायनं नाई." किसनबाबा जमिनीकडे पाहून बोलत होते. "लग्नानंतरचं हाय. जत्रेत गेलतो दोघं. माहं नाव हाय ते. तोंडानं नाव घ्याले लाजे ते, म्हून तिथं लिवून घेतलं. कोणाले दिसलं नाई पायजे म्हणे."

वैशाली तोंडाला पदर लावून माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"बाबा, मंग मगापासून काऊन नाई बोलले?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच माझा.

"बोललो असतो तर हे सांगा लागलं असतं." त्यांनी मान वर केली. "वॉर्डात ते तुमाले 'माही बी घेजा' म्हनली तवा मी बी तिथंच होतो. तेवढी मांडी सोडा. बाकी घ्या."

भाऊ किसनबाबांजवळ येऊन बसला. मग म्हणाला, "मंग माहं काही म्हणणं नाई, भाटवे. करा सही."

आतल्या खोलीत दार लावून आम्ही काम सुरू केलं. डर्माटोम म्हणजे आमचं यंत्र, सुताराचा रंधा जसा लाकडावरून सरकतो तसं ते कातडीवरून सरकतं. पाठ झाली, उजवी मांडी झाली. डावीवर ते नाव होतं, हिरवट, पुसट, जरा तिरपं. आमचे डॉक्टर नवीन, हुशार पोरगा.

"मॅडम, बाजूनं चांगला पट्टा निघेल. नाहीतरी वर बँडेजच येणार आहे. कोण बघतंय?"

"डॉक्टर, शब्द दिलाय. ती मांडी झाका."

त्यांनी झाकली. तोंड वाकडं करून, पण झाकली.

आमचं झाल्यावर भाऊ आत आला. बहिणीच्या बांगड्या मागे सारून त्यानं दोन्ही हातांवरचं गोंदण पाहिलं, अंगठ्यानं चोळून पाहिलं. पोटऱ्या पाहिल्या. मांडीच्या बाबतीत त्यानं मला फक्त विचारलं, "हाय ना?" मी म्हटलं, आहे. मग तो भोकाड पसरून रडला आणि साडीची घडी वैशालीच्या हातात देऊन बाहेर गेला.

कातडी थोडी कमीच मिळाली. इन्चार्ज सरांनी विचारलं, डावी मांडी का नाही? मी म्हटलं, तिथं मालकाचं नाव होतं. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

तपासण्या होऊन ती कातडी वापरायला काढली तेव्हा मी वैशालीला फोन केला.

"लागली का आईची?"

"लागली."

"कोणाले?"

"ते आम्ही सांगत नाही, वैशाली."

"आई बी हेच इचारे," ती म्हणाली.

तेव्हापासून कोणाच्याही घरी गेले की कागद काढायच्या आधी मी गोंदणाची चौकशी करते. मुलांना विचारून उपयोग नसतो, त्यांना हातावरचं तेवढं माहीत असतं. म्हातारा असेल तर त्याला एकट्याला बाजूला नेऊन विचारते. बहुतेक जण नाही म्हणतात. एखादा जमिनीकडे पाहतो, आणि मग मी डॉक्टरांना म्हणते, जरा थांबा.