पिवळ्या पत्रकातले अठ्ठावीस दिवस

रमिलाने पत्रक माझ्यापुढे धरलं. मीच लिहिलेलं, पिवळ्या कागदावर छापलेलं. एका ओळीवर बोट ठेवून तिने विचारलं, "अजून आठ दिवस आहेत ना, ताई?"

सायवनच्या एका पाड्यावर, तिच्या घरामागे आम्ही उभ्या होतो. बायकांची बैठक संपल्यावर तिने मला हळूच मागे ओढून नेलं होतं.

"आठ दिवस? कशाचे?"

"गोळीचे. पाळी चुकून वीस दिवस झाले. तुम्ही लिहिलंय, पाळी चुकल्यापासून अठ्ठावीस दिवसांत सुरू करा. घरात अजून सांगितलं नाय. पुढच्या आठवड्यात माहेरी जाते, तिकडच्या आशाताईकडून घेईन."

मी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली.

रमिलाचं पहिलं बाळ कवटीचा वरचा भाग नसलेलं जन्मलं होतं. काही तास जगलं. आणि माझी ओळ चुकीची होती.

मी तलासरीतल्या एका छोट्या संस्थेत आरोग्याचं काम करते. बी.एस्सी. केलंय, झूलॉजी. पाड्यापाड्यांवर बैठका घेणं, पत्रकं लिहिणं, वाटणं, भांडणं हे माझं काम. फॉलिक ॲसिडची गोळी आपल्याकडे बहुतेकींना गरोदर म्हणून नाव नोंदवल्यावर मिळते. नाव नोंदवतात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. या गोष्टीचा मला इतका संताप होता, की ते पत्रक मी एका बैठकीत लिहून काढलं. छापलं पाचशे.

काय होऊन गेलेलं असतं, ते सांगते.

गर्भ सुरू होतो एका पेशीपासून. उंदीर असो, शेळी असो, माणूस असो. पहिले दोन-तीन दिवस ही पेशी आईच्या अंड्यात आधीच साठवलेल्या प्रथिनांवर चालते. मग गर्भाची स्वतःची जनुकं जागी होतात. पुढे पेशी कितीही वाढल्या तरी प्रत्येकीत जनुकांचं पुस्तक तेच असतं. कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटायचं, ते प्रथिनं ठरवतात. काही प्रथिनं जनुकाला चिकटून त्याला चालू करतात, काही बंद करतात. त्यावरून बाहेरच्या पेशींची बाळाला पोसणारी वार होते आणि आतल्या पेशींचं बाळ.

तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीवर पेशींची एक पट्टी तयार होते. शेजारच्या पेशी प्रथिनं सोडून तिला निरोप देत असतात: ही बाजू वर, ही खाली, आता वळ. पट्टीच्या दोन्ही कडा उचलल्या जातात आणि एकमेकींना चिकटतात. पळसाच्या पानाची सुरळी करावी तशी. या नळीच्या वरच्या टोकाचा मेंदू होतो, बाकीचा पाठीचा मज्जारज्जू. वरचं टोक उघडं राहिलं तर त्यावर कवटी धरत नाही. खालचं उघडं राहिलं तर मणका उघडा राहतो. या धांदलीत पेशी भराभर दुप्पट होतात आणि दर वेळी पुस्तकाची नवी प्रत काढतात. फॉलिक ॲसिड हा त्या छपाईला लागणारा कच्चा माल. गोळी म्हणजे हमी नाही, पण धोका खूप कमी होतो.

नळी मिटते गर्भ धरल्यापासून साधारण अठ्ठावीस दिवसांत. गर्भ धरल्यापासून. पाळी चुकल्यापासून नव्हे. पाळी चुकते तेव्हा गर्भ आधीच दोन आठवड्यांचा असतो. म्हणजे पाळी चुकल्यावर हातात उरतात चौदा दिवस.

गर्भ कधी धरला ते बायकांना कसं कळणार, असा विचार करून मी वाक्य 'सोपं' केलं होतं. सोपं करताना नसलेले चौदा दिवस मी रमिलाच्या हातात दिले. तिची मुदत सहा दिवसांपूर्वीच संपली होती.

"ताई, काय झालं? बोला ना."

"आठ दिवस थांबायचं नाही. आज डॉक्टरकडे जायचं."

"आज? का?"

मला तेव्हा खरं सांगता आलं नाही. "मी येते सोबत," एवढंच म्हणाले, आणि रस्त्यावर येऊन शालिनीताईंना फोन लावला. त्या आमच्या संस्थेच्या प्रमुख.

"छापायच्या आधी कुणाला दाखवलं होतंस?" त्यांनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"मी डॉक्टरांना दाखव म्हटलं होतं."

"त्यांनी चार ओळी वाढवल्या असत्या. लोक वाचत नाहीत एवढं."

"ही तर वाचतेय की. बोट ठेवून वाचतेय." शालिनीताई म्हणाल्या. "वाटलेली सगळी परत आण. आधी तिला ने."

डहाणूच्या डॉक्टर मॅडमना मी पत्रकातली चूक सांगितली. त्यांनी रमिलाला जास्त ताकदीची गोळी लिहून दिली. आधी असं बाळ झालेलं असेल तर नेहमीची गोळी पुरत नाही, आणि ही डॉक्टरच्या सल्ल्याने गर्भ राहण्याच्या आधीपासूनच घ्यायची असते. पहिल्या बाळंतपणाचा कागद रमिलाने पिशवीत जपून आणला होता. त्यावर लिहिलं होतं, 'पुढच्या वेळी लवकर या.' संपलं. किती लवकर, कशासाठी, काही नाही. मी चिडून तो कागद टेबलावर आपटला.

"त्यांनी अर्धं लिहिलं," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही पूर्ण लिहिलंत, पण चूक. कोण जास्त वाईट?"

मी कागद टेबलावरून उचलून रमिलाला परत दिला.

तो पिशवीत ठेवता ठेवता तिने विचारलं, "मॅडम, म्हणजे मला उशीर झाला?"

"झाला. आता गोळी घे, पण नळीचं जे व्हायचं ते झालेलं असेल. बहुतेक वेळा बाळ नीटच असतं. बाराव्या आठवड्यात सोनोग्राफी करू, डोकं दिसेल. मणका पाचव्या महिन्यात."

डॉक्टर आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे अजून पाच आठवडे वाट बघायची.

येताना रिक्षात रमिला म्हणाली, "बोर्डीच्या बागेत चिकू तोडायला जाते ना मी. साल नखाने जरा खरवडलं की कळतं, आत हिरवा की तयार. याला कुठून खरवडू?"

सोनोग्राफीसाठी घरात सांगावं लागणार होतं. तिथेच खरी पंचाईत होती. त्या पाड्यावर तीन महिने भरल्याशिवाय पोटुशीचं नाव काढत नाहीत. पहिल्या वेळी रमिलाच्या नवऱ्याने आनंदात सगळीकडे सांगितलं होतं आणि तसं बाळ झालं. तेव्हापासून सासूने मंतरून औषध देणाऱ्या भगताचा शब्द पक्का धरला होता: तीन महिने तोंड बंद, बाहेरचं औषध बंद. म्हणून तर रमिला माहेरच्या गोळीची वाट बघत होती. माझ्या पत्रकाने तिला सांगितलं होतं, की वाट बघायला वेळ आहे.

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंसमोर बसले. त्या सुपात तांदूळ पाखडत होत्या. सगळं सांगितलं. नळी, दिवस, सोनोग्राफी, माझी चूक. सूप थांबलं.

"म्हणजे तुमच्या कागदावर चुकीचं लिहिलेलं?"

"हो."

"आणि ही त्यावर विसंबली?"

"हो."

"मागच्या पावसात तुम्ही इथेच बसून काय बोललात? भगताचं ऐकू नका, तो फसवतो. त्याच्यावर पत्रकपण काढलंत."

"काढलं होतं."

"भगत चुकला तर तुम्ही पत्रक काढता. तुम्ही चुकलात तर कोण काढायचं?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"फोटो काढायला तुम्ही पण यायचं," त्या म्हणाल्या. "काय निघेल ते आमच्याबरोबर बघायचं. कागद टाकून पळायचं नाय."

ते पाच आठवडे मी पत्रकं गोळा करत हिंडले. नरपडच्या किराणा दुकानात एक काउंटरखाली चिकटवलेलं होतं. एका अंगणवाडीत भिंतीवर, वर लॅमिनेशन केलेलं. सेविका कौतुकाने म्हणाली, "फार छान लिहिलंय, मी सगळ्यांना हेच सांगते." ते काढताना भिंतीचा रंगही निघाला. किती जणींना सांगितलं, त्याची मोजदाद तिच्याकडे नव्हती. ज्यांची नावं तिला आठवली, त्यांच्या घरी गेले. रस्त्यात कुणाच्या कडेवर मूल दिसलं की नजर आधी त्याच्या डोक्यावर जायची. अजून जाते.

बाराव्या आठवड्यात आम्ही चौघी सोनोग्राफीच्या खोलीत होतो: टेबलावर रमिला, मशीनपुढे मॅडम, दाराशी सासूबाई, भिंतीला टेकून मी. मशीनचा पंखा घुं घुं करत होता. रमिलाने डोळे गच्च मिटले होते. सासूबाई छताकडे बघत होत्या.

"डोकं आहे," मॅडम म्हणाल्या. "गोल आहे. पूर्ण आहे."

रमिलाने डोळे उघडले नाहीत. "पुन्हा सांगा."

मॅडमनी पुन्हा सांगितलं.

पाचव्या महिन्यात मणकाही नीट दिसला. आज बाळ चार महिन्यांचं आहे. मुलगी. सासूबाई तिच्या डोक्याला तेल चोळतात तेव्हा हात मध्येच थांबवून टाळूवरून बोट फिरवतात. मी बघितलंय.

यात माझं श्रेय काही नाही. माझ्या ओळीने त्या मुलीला धोक्यात टाकलं होतं, ती नशिबाने वाचली. नवीन पत्रक पांढऱ्या कागदावर आहे. मॅडमनी तपासलंय, चार ओळी वाढल्यात. पहिली ओळ रमिलाने सांगितली तशीच ठेवली: 'मूल हवं असं ठरलं की आधी गोळी. पाळी चुकायची वाट बघायची नाय.' त्याच्या पाठीमागे माझी चूक माझ्या नावासकट छापली आहे. सासूबाईंची अटच होती तशी. कुणीतरी पत्रक काढायलाच हवं होतं.

पाचशेपैकी तीनशे एक्क्याण्णव पिवळी पत्रकं परत आली. एकशे नऊ कुठे आहेत, मला माहीत नाही. तुमच्या भिंतीवर, डब्यात, वहीत असा पिवळा कागद असेल आणि त्यावर 'पाळी चुकल्यापासून अठ्ठावीस दिवस' असं लिहिलं असेल, तर तो फाडा. त्यावर विसंबून कुणी थांबली असेल, तर तिला आजच डॉक्टरकडे न्या.